हलकी गाडी आणि माणसाचा जीव



बसचा मालक, मग तो महामंडळ असो की खाजगी कंत्राटदार, जड गाडीपेक्षा हलकी का पसंत करतो, हा आजचा विषय. आम्ही हे शास्त्र कॉलेजात शिकलो नाही. डेपोतल्या मेस्त्र्यांपाशी शिकलो. तेव्हा साध्या भाषेतच सांगतो.

दौंडकरांना रेल्वेचे इंजिन परिचयाचे आहे. ते जडच लागते. कारण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड मिळते ती वजनामुळे. बसचे उलट आहे. रबरी टायर रस्त्यावर दबतो, आणि ओझे वाढले की अधिक दबून डिझेल खातो. शिवाय बस थांब्याथांब्याला उभी राहणारी. बारा टनांच्या गाडीतून एक टन काढला, तर दर वेळी वेग घेण्यास लागणारी शक्ती बाराव्या हिश्श्याने घटते. दिवसभरात असे शेकडो थांबे झाले म्हणजे मालकाच्या वहीत किती फरक पडत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

हलकेपणा लोकांच्याही हिताचा आहे. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तीवरून असे दिसले की, एका आसावरचा भार दीडपट झाला तर रस्त्याची झीज सुमारे पाचपट होते. ते खड्डे बुजविण्याचा खर्च मात्र मालकाच्या वहीत येत नाही, तो तुमच्या आमच्या कराच्या पैशांतून होतो.

मग वाद कसला? वाद हा की, वजन कोठून काढावयाचे? 1 जून 1948 रोजी पहिली एस.टी. याच पुणे-अहमदनगर रस्त्यावर, शिरूरवरून धावली. तिची बॉडी लाकडाची होती. पुढे लाकूड गेले, ॲल्युमिनियम आले. हा धातू पोलादाच्या साधारण एकतृतीयांश वजनाचा, आणि पोलादासारखा गंजतही नाही. पण अपघातात त्याचा पत्रा फाटतो व त्या धारा माणसांना कापतात. म्हणून 2018 च्या सुमारास महामंडळाने जुन्या चासीवर पोलादी बॉडी बांधावयास घेतली. वजन वाढले, तरी तो मार्ग पत्करला. यास आम्ही शहाणपणा म्हणतो. पुढे 1 जून 2022 रोजी याच रस्त्यावर विजेवरची 'शिवाई' आली. तिच्यावर बॅटरीचे जड ओझे असते. परंतु ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या शक्तीपैकी काही भाग ती परत बॅटरीत साठविते.

रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांत पाळीला कामगार नेणाऱ्या लहान गाड्या तुम्ही पाहता. त्या हलक्या आहेत, एवढ्याने आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न असा की, समोरून ट्रक आला तर ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे काय आहे? मजबूत चौकट, की नुसता पत्रा? सजावटीचे ओझे खुशाल काढा, चांगला धातू वापरून वजन घटवा. पण चौकटीचे पोलाद कापून जो हलकेपणा मिळतो, ती काटकसर नव्हे. तो खर्च मालकाच्या वहीतून उचलून ड्रायव्हरच्या घरावर टाकलेला असतो.

तेव्हा कंत्राट देणाऱ्यांना आपण सर्वांनी विचारले पाहिजे, दर किती, एवढेच नव्हे, तर बॉडी कशाची आणि कोणी तपासली. हा प्रश्न एकट्या युनियनने विचारून भागणार नाही. त्या गाडीत बसणाऱ्यांची घरेही याच गावांत आहेत.