वाघिणींचा हिशेब



आमच्या लोंढ्याला तीन वाटा येऊन मिळतात: मिरजेची, हुबळीची आणि गोव्याची. गोव्याकडून मालगाडी वर यायची म्हणजे कुळे ते कॅसलरॉक हा घाट. चढ 37 फुटांना एक फूट. जादा इंजिनं जोडल्याशिवाय भरलेली गाडी वर येत नाही. मग कुठलं इंजिन कुठं ठेवायचं, रिकाम्या वाघिणी कुणीकडे धाडायच्या, खर्च कमीत कमी कसा बसेल? हिशेब बेरीज-वजाबाकीचाच, पण पर्याय मोजता मोजता दमछाक. असे प्रश्न सोडवायच्या रिती शोधायच्या आणि त्यांना किती पायऱ्या लागतील ते सिद्ध करायचं, हा संगणकीय गणिताचा एक मोठा प्रांत.

जॉर्ज डँटझिग यांनी 1947 साली सिम्प्लेक्स रीत काढली. सगळ्या शक्य उत्तरांची मिळून एक कोपऱ्या-कोपऱ्यांची आकृती होते. ही रीत तिच्या कडेनं एकेक कोपरा गाठत जाते. एरवी ती झपाट्यानं उरकते. पण 1972 मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी अशी खट्याळ आकृती रचली, की नुसत्या 30 चलांना, म्हणजे ठरवायच्या 30 आकड्यांना, 107 कोटींवर पायऱ्या पडाव्यात!

ग्वाल्हेरला जन्मलेल्या नरेंद्र करमरकरांनी 1984 मध्ये, बेल लॅब्जमध्ये असताना, कडेचा नाद सोडून आकृतीच्या पोटातून वाट काढली. दर पावलाला आकृती अशी ताणून घ्यायची, की आपण पुन्हा मध्यावर. पायऱ्या आटोक्यात राहतात हे त्यांनी सिद्धही केलं. त्या रितीचं पुढे पेटंट घेतलं गेलं. गणिताचं पेटंट, हे मला आजही पचत नाही.

मला महत्त्वाची वाटते ती त्यांची तालीम. मुंबईच्या आयआयटीत ते शिकले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. पीएचडी बर्कलीला, रिचर्ड कार्प यांच्याकडे, 1983 साली. लहानमोठा माल कमीत कमी खोक्यांत कसा बसवायचा, यावर या गुरुशिष्यांनी मिळून शोधनिबंध लिहिला. म्हणजे आपल्या वाघिणींचाच प्रश्न की!

आपल्याकडे एमएस्सीला काय होतं? दोन-तीन चलांचं सिम्प्लेक्सचं कोष्टक हातानं भरलं, की पेपर सुटला. पण मोठे हिशेब मशीनवरच होतात, आणि तिथं वेगळीच गंमत असते. पायथन या संगणकाच्या भाषेत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज करून पाहा: उत्तर 0.30000000000000004. मशीन आकडे द्विमान पद्धतीत साठवतं, तिथं 0.1 नेमका बसतच नाही. लाखो पायऱ्यांत ही कसर साचली तर उत्तर कुठल्या कुठं जाईल! हे ज्यानं पाहिलं नाही, त्याची एमएस्सी अर्धीच म्हणायची.

पुणे विद्यापीठानं 2003 मध्ये मॉडेलिंग आणि सिम्युलेशनचं केंद्र काढलं, ते या उरलेल्या अर्ध्यासाठीच. आपल्या खानापूर तालुक्यातली मुलं एमएस्सीसाठी धारवाडला जातात, गोव्याला जातात, काही पुण्याला. प्रवेश घेताना वसतिगृहाच्या चौकशीबरोबर एवढंही विचारा: प्रबंधाला प्रोग्रॅम जोडावा लागतो का, आणि तो दुसरं कुणी चालवून बघतं का?