मीन जीनचा माइक आणि आपली मधली सुट्टी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘शाळेने मला काय दिलं’ यावर चौघे बोलून झाले. मी शाळेने जप्त केलेल्या वस्तूवर बोलतो : डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते. उंची, वजन, छाती, बायसेप्स. (हशा) आज आपली मापं कोणी विचारू नये.

कुस्ती आपल्याला नवी नव्हती. जत्रेतला फड आपण पाहिला होता. तिथे पैलवान बोलत नाही. शड्डू ठोकतो, माती लावतो आणि भिडतो. केबलवर मात्र कुस्ती पाच मिनिटं आणि तिच्याआधीची गर्जनाच मोठी. त्या गर्जनेला प्रोमो म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. तिथे मीन जीन ओकरलंड असायचा. टक्कल, मिशी, कोट, हातात माइक. शेजारी अगडबंब माणूस डोळे वटारून ओरडतोय आणि हा गृहस्थ तहसील कचेरीत अर्ज घ्यावा तसा शांत. माझ्या मते खरा कलाकार तोच.

प्रोमोचं काम साधं होतं. अमुक गावात, अमुक तारखेला, मी त्याला लोळवणार, तिकीट काढा. एकच पैलवान एकाच पडद्यासमोर उभा राहून वेगवेगळ्या गावांसाठी तेच पुन्हा पुन्हा बोलायचा. रँडी सॅव्हेजची १९८७ ची फीत मिळाली तर पाहा. कॉफीत घालायच्या दुधाच्या इवल्या डब्या एकेक काढत तो सांगतो, की दुधावरची साय मीच. पुढे हाच माणूस स्लिम जिम नावाच्या सुक्या मांसाच्या कांड्या त्याच आवाजात विकायचा.

आपण मराठी माध्यमाचे. शब्द कळायचे नाहीत, चढउतार कळायचे. आणि ते चढउतार सगळ्यात अचूक पकडले ते ब तुकडीतल्या आपल्या मित्राने. नाव घेत नाही, सगळे ओळखतात. २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत तो गेला.

त्याची मुलगी आज आली आहे. मघाशी तिने विचारलं, “काका, बाबा शाळेत खरंच बोलायचे? घरी तर फार कमी बोलायचे.”

बाळ, कबड्डीच्या आदल्या दिवशी तुझा बाबा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढायचा. कंपासपेटी माइक. “येत्या शनिवारी! सकाळची शाळा सुटल्यावर! टाकीमागे!” अर्धी इंग्रजी, अर्धी मनाने रचलेली. अ तुकडीची मुलं शिव्या द्यायला म्हणून यायची आणि सामना बघून जायची.

त्यातल्या सगळ्याच आठवणी गोड नाहीत, हेही सांगायला हवं. हल्क होगन मुलांना सांगायचा, व्यायाम करा, प्रार्थना करा, जीवनसत्त्वं घ्या. १९९४ मध्ये, आपण दहावी झालो त्याच वर्षी, त्याने न्यायालयात वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. त्याच्या थोडंसं आधी कुस्तीच्या कार्यक्रमांत आयकोप्रो नावाच्या पौष्टिक भुकटीच्या जाहिराती चालत, आखाड्याभोवती तिचे फलक लागत. आपण ते दंड बघत होतो आणि घरी दुधाचा दुसरा पेला मागत होतो. योकोझुना चौतिसाव्या वर्षी गेला. मिस्टर परफेक्ट, म्हणजे कर्ट हेनिग, चव्वेचाळिसाव्या. आपण आता त्याच्याहून मोठे आहोत.

हा परफेक्ट तुझ्या बाबाचा लाडका. त्याच्या जुन्या फिती मी अलीकडे पाहिल्या. फुटबॉल लांब फेकतो आणि पळत जाऊन स्वतःच झेलतो. सगळी बनवाबनवी, पण चेहऱ्यावर काय ऐट! आखाड्यात तो तोंडातलं च्युइंगगम वर उडवून तळहाताने फटकावायचा. तुझ्या बाबाने महिनाभर त्याचा सराव केला. पहिल्यांदा जमलं तेव्हा वर्गाच्या दारात भूगोलाच्या बाई उभ्या होत्या. गम त्यांच्या हातातल्या नकाशावर, साधारण ब्राझीलच्या आसपास चिकटलं. बाई इथेच बसल्यात, विचार त्यांना.