दम लागतो म्हणून गप्प बसू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वैद्यकावर मी काय बोलणार? पण थोरल्या जाऊबाईंच्या दुखण्यात इस्पितळाच्या बाकावर बसून जे विचारून घेतले, ते आपणापुढे ठेवते.

हाताला पट्टा बांधून पाहतात तो रक्तदाब साऱ्या अंगाचा. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचा दाब निराळा. तो त्या पट्ट्याला कळत नाही. नळात क्षार साचले की पंपाला जोर करावा लागतो, तशी या वाहिन्या अरुंद झाल्या की हृदयाची उजवी बाजू थकत जाते. मग जिना चढताना दम लागतो, घेरी येते, पाय सुजतात. आपण म्हणतो, वय झाले, वजन वाढले, अंगात रक्त कमी आहे. जाऊबाईंनाही दीड वर्ष नुसती शक्तीची औषधेच मिळाली.

पुढे एका डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करविली. त्यात दाब वाढल्याचा संशय आला. नक्की माप मात्र शिरेतून बारीक नळी हृदयातून पुढे नेऊनच घेतात. विश्रांती घेत असता हा सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरांहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजतात. पूर्वी ही मर्यादा २५ धरीत.

पण दाब वाढला कशाने? ते शोधण्यासाठी व्ही-क्यू स्कॅन करतात. श्वासातून आणि शिरेतून अगदी थोडे किरणोत्सर्गी द्रव्य देऊन कॅमेऱ्याने दोन चित्रे घेतात, एक हवेचे आणि एक रक्ताचे. जेथे हवा पोचते पण रक्त पोचत नाही, तेथे जुन्या गुठळीचा संशय घेतात. जाऊबाईंच्या चित्रात अशाच जागा दिसल्या. मग सीटी अँजिओग्राफीत गुठळ्या नेमक्या कोठे आहेत ते कळले.

या दुखण्याचे प्रकार अनेक आहेत. पुष्कळांना औषधांवरच राहावे लागते. पण गुठळ्यांच्या प्रकारात शस्त्रक्रियेने पुष्कळ रोगी बरे होऊ शकतात. म्हणून ते चित्र महत्त्वाचे. जाऊबाईंची शस्त्रक्रिया मोठी झाली, खर्चही झाला. रक्त पातळ ठेवण्याची गोळी आता जन्माची. ठरल्या वेळी इको होतो, सहा मिनिटे चालवून अंतर मोजतात. पण आज त्या गिरणीतून दळण स्वतः आणतात.

तेव्हा भगिनींनो, दम लागण्याचे कारण सापडेपर्यंत विचारीत राहा. इको करायला हवा का? दाब वाढला असेल, तर गुठळ्यांसाठी स्कॅन झाला का? दिवस गेले असतील तर तपासणीआधी जरूर सांगा. घरातील सर्वांची दुखणी आपण काढतो. आपलेही दुखणे दुखणेच आहे, एवढे ध्यानात ठेवा.