काम गेले तरी कसब उरते

(रोजगार मार्गदर्शन शिबिरात शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



संगणकावर संकेतस्थळे रचणारा वेब डिझायनर मंदीमुळे बेकार झाला, तर त्याने काय करावे, हा आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्या गावापासून दूरचा वाटेल. परंतु पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात संगणकाच्या कामावर गेलेली मुले आज अनेक गावांची आहेत. त्यांची नोकरी जाते, तेव्हा त्यांचे आईवडील कंपनीच्या दारी जात नाहीत. ते गुरुजींकडे आणि सरपंचांकडे येतात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

या व्यवसायाचे वय फारसे नाही. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. त्यानंतर सहासात वर्षांतच अमेरिकेत संकेतस्थळे रचणाऱ्यांचा एक नवा वर्ग उभा राहिला. नफ्यातोट्याचा हिशेब फारसा न पाहता गुंतवणूकदारांनी या क्षेत्रात पैसा ओतला. १० मार्च २००० रोजी नॅस्डॅक या शेअरबाजाराचा निर्देशांक ५,०४८ वर पोचला आणि तेथून घसरत ९ ऑक्टोबर २००२ रोजी १,११४ वर आला. शंभराचे जेमतेम बावीस उरले. मार्च २००० मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या एकत्रीकरणातून निर्माण झालेली मार्चफर्स्ट ही संकेतस्थळे उभारणारी कंपनी एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्यांच्यासाठी पाने रचावयाची, ते व्यवसायच बुडाले होते. रचनाकारांच्या कसबात खोट नव्हती. गिऱ्हाईक नाहीसे झाले होते.

एच-१बी परवान्यावर तेथे गेलेल्या आपल्या मुलांची स्थिती अधिक कठीण होती. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत बेकारी भत्ता २६ आठवड्यांपर्यंत मिळत असे, व मार्च २००२ च्या कायद्याने त्यात १३ आठवड्यांपर्यंत भर पडली. परंतु एच-१बी धारकाची नोकरी सुटली, की त्याचा तेथे राहण्याचा आधारच संपे. नवी नोकरी शोधण्यासाठी ६० दिवसांपर्यंतची सवलत नियमांत आली, ती जानेवारी २०१७ मध्ये. त्यामुळे त्या मंदीत कित्येकांना संसार गुंडाळून परत यावे लागले.

त्या सुमारास मी नुकताच बी. ए. झालो होतो. वडिलांनी उसनवारी करून मला पुण्यातील एका वर्गात वेब डिझाइन शिकावयास पाठविले. अभ्यासक्रम संपवून एका लहानशा कार्यालयात मी उमेदवारी करू लागलो. २००१ च्या पावसाळ्यात एका शनिवारी मालकांनी आम्हा तिघांना बोलावून सोमवारपासून येऊ नका, असे सांगितले. मी गावी परतलो. वडील काही बोलले नाहीत. पण पारावर जो भेटे तो विचारी, "काय रे, काय चुकलं तुझं?" या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. काही दिवसांनी मलाही वाटू लागले, की आपलेच काहीतरी चुकले असावे. पैशाच्या ओढीपेक्षा या विचाराने मला अधिक खचविले.

तालुक्याच्या गावी एका छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी करणारा माणूस हवा होता. तेथील मालकांनी माझी चूक विचारली नाही. "तुला काय काय येतं?" एवढेच त्यांनी विचारले. पुढे दीड वर्ष मी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि शाळांचे अहवाल जुळविले. वेतन अल्प होते. परंतु अक्षराचा आकार, ओळींतील अंतर, मजकुराचा क्रम यांचे जे ज्ञान तेथे वापरले, ते वेब डिझाइनच्या वर्गातच मिळाले होते. माहिती खात्याच्या सेवेत आजही तेच माझ्या उपयोगी पडते.

अमेरिकेतही अशी उदाहरणे आढळतात. ब्लॉगर ही सेवा चालविणारे इव्हान विल्यम्स यांच्या कंपनीचा पैसा संपला व जानेवारी २००१ मध्ये त्यांचे सहकारी पांगले. त्यांनी जवळजवळ एकट्याने सेवा चालू ठेवली आणि फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते. सामान्य कारागिराला अधिक मार्गदर्शक ठरेल, अशी गोष्ट दुसरी आहे. अंध व अन्य दिव्यांग व्यक्तींनाही वापरता येईल अशी रचना करण्याचे बंधन अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळांवर २१ जून २००१ पासून लागू झाले. म्हणजे बाजार मंदावला असतानाच एका नव्या ज्ञानाची गरज निर्माण झाली होती. भारत सरकारनेही २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मंदी सर्वच कामांना सारखी ग्रासत नाही, हे यावरून दिसून येईल.

अशी वेळ पुन्हा आली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीने ११,००० हून अधिक कर्मचारी कमी केले. अन्य कंपन्यांनीही कपात केली. शिवाय साधी पाने आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेच रचून देतात.

अशा वेळी काम गमावलेल्या तरुणाला आपण चार गोष्टी सांगाव्यात. पहिली, घरी त्वरित खरे सांगावे आणि शिल्लक किती महिने पुरेल याचा हिशेब कागदावर मांडावा. कर्जाचा हप्ता थकण्यापूर्वीच बँकेशी बोलावे. दुसरी, अनुभवाचे प्रमाणपत्र, वेतनचिठ्ठ्या व भविष्य निर्वाह निधीचा तपशील जुन्या कंपनीकडून मिळवून जपून ठेवावा. तिसरी, हात थांबू देऊ नये. लहान काम घ्यावे, मात्र मोबदला लेखी ठरवून काही रक्कम आगाऊ घ्यावी. रिकाम्या वेळात मराठी मजकुराची मांडणी, दिव्यांगांसाठी सुलभ रचना यांसारखे एखादे जोडज्ञान संपादन करावे. चौथी, जुन्या सहकाऱ्यांशी संपर्क ठेवावा, परंतु नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये.

आपणा सर्वांचेही काही कर्तव्य आहे. शाळा, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना चांगल्या मराठी संकेतस्थळांची गरज असते. ते काम अशा तरुणाला द्यावे. मात्र गावचाच मुलगा म्हणून ते फुकट करून घेऊ नये. फुकट कामाने त्याची चूल पेटत नाही आणि त्याच्या कसबाची किंमतही उरत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखाद्या साधनाच्या वापराबरोबरच त्यामागील मूलतत्त्वे शिकवावीत. साधने बदलतात, मूलतत्त्वे दीर्घकाळ साथ देतात.

मित्रहो, मंदी थांबविणे आपल्या हाती नाही. पण उद्या एखादा मुलगा पुण्याहून बॅग घेऊन अचानक परत आला, तर त्याचे काय चुकले हे पारावर विचारले जाऊ नये, एवढे निश्चित आपल्या हाती आहे. त्याला काय काय येते ते विचारा, आणि त्यातील एखादे काम गावात आहे काय ते पाहा. मला एकाने तसे विचारले होते, म्हणून आज आपणासमोर उभा आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!