दारातलं झाड पिवळं का पडलं?

शेतातल्या पिकावर रोग पडला की आपण लगेच धावपळ करतो. पण दारातलं लिंबू, मोरीजवळचा कढीपत्ता, डब्यात लावलेला गुलाब, वृंदावनातली तुळस यांची पानं पिवळी पडली तर आपण काय करतो? कपाशीसाठी किंवा कांद्यासाठी आणलेलं उरलंसुरलं औषध पंपात कालवतो आणि मारून मोकळे होतो. आज आपण याच विषयी थोडी माहिती घेणार आहोत.

मागे श्रीगोंदा तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले. रुमालात लिंबाची चार पानं बांधून आणली होती. म्हणाले, "साहेब, तीन औषधं मारून झाली, झाड काही हिरवं होईना." पानं पाहिली, तर सगळी शेंड्याची. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळाधमक. पानावर कीड नव्हती की रोगाचा ठिपका नव्हता. मी विचारलं, "झाड कुठं आहे?" ते म्हणाले, "मोरीपाशी. सांडपाणी सगळं त्यालाच जातं." दुखणं तिथंच कळलं. झाड उपाशी होतं आणि आपण त्याला विष पाजत होतो. त्याच झाडाला लागून कढीपत्ता होता, आणि त्याची पानं रोज फोडणीत पडत होती!

म्हणून औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, पिवळं पान जुनं की नवं? खालची जुनी पानं आधी सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील, तर नत्र कमी आहे. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या फुटीला देतं, म्हणून जुनं पान आधी पिवळं पडतं. अशा झाडाला त्याचं वय पाहून एक-दोन घमेली कुजलेलं शेणखत आळ्यात मिसळून द्या.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर लोह कमी आहे. उसात यालाच आपण केवडा म्हणतो. आपल्या जिल्ह्यात चुनखडीच्या जमिनी पुष्कळ. अशा जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. साबण-सोड्याचं पाणी रोज मुरलं की त्रास आणखी वाढतो. आधी सांडपाण्याची चारी दुसरीकडे वळवा. मग एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालेलं नको. आधी एका फांदीवर फवारून पाहा. जमिनीतून द्यायचं तर हिराकस शेणखतात मुरवून द्या. नवी पानं बारीक, अरुंद राहून शेंड्याला झुबका झाला असेल, तर जस्त कमी आहे असं समजा.

दुसरी गोष्ट, माती. बोट दोन पेरं खुपसून पाहा. वरून कोरडी दिसली तरी आत चिखल असतो. डब्याला खाली भोक नसेल तर मुळं कुजतात आणि पाणी असूनही झाड सुकतं. तेव्हा आपण आणखी पाणी घालतो! डब्याला भोकं पाडा आणि माती वाफशावर आल्यावरच पाणी द्या. पानांच्या कडा करपत असतील, तर विहिरीचं पाणी खारं आहे का, हे तपासून घ्या.

तिसरी गोष्ट, पान उलटून पाहा. मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी हे पानामागंच बसतात. पान चिकट लागलं, वर काजळी धरली आणि मुंग्यांची रांग दिसली, तर रसशोषक कीड आहे. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पानं धुऊन काढा. मग अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, दहा लिटर पाणी करा, थोडा साबण घाला आणि फवारा. ढालकिडे मावा खातात, त्यांना मारू नका.

लिंबाच्या पानात चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या तर ती पानं पोखरणारी अळी. तिलाही कोवळ्या फुटीवर निंबोळी अर्कच मारा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर ती फुलपाखराची. घरच्या झाडाला ती हातानं वेचणं हेच औषध.

चौथी गोष्ट, ठिपके. लिंबाच्या पानावर, काडीवर, फळावर खरबरीत तपकिरी फोड आणि भोवती पिवळं कडं दिसलं, तर तो खैऱ्या. पावसापूर्वी रोगट काड्या छाटून जाळा आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. दहा लिटरला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी आणखी घाला. नवं कलम लावणार असाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती जात विचारात घ्या. तिच्यावर खैऱ्या तुलनेनं कमी येतो.

एक गोष्ट मात्र पदराला गाठ बांधून ठेवा, भगिनींनो. तुळस आणि कढीपत्ता आपण न शिजवता, न धुता तोंडात टाकतो, लेकरंही तोडून खातात. त्यावर शेतातलं कीटकनाशक कधीही मारू नका.

आणि एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर एक जुनं आणि एक नवं पान, थोडी माती, बाटलीभर पाणी घेऊन राहुरीला विद्यापीठात, किंवा बाभळेश्वर अथवा दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पान बोलतं, आपण ऐकलं पाहिजे.