एकाचा अपराध, सर्वांच्या माथी



मानवाने अणूचे विघटन साधले, परंतु शेजाऱ्याशी कसे वागावे हे तो अद्यापि धड शिकलेला नाही. ज्ञान आणि नीती यांतील हे अंतर पाहावयास हिरोशिमापर्यंत जाण्याचे कारण नाही. कृष्णाकाठची वाई पुरेशी आहे.

येथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी १९१७ च्या सुमारास विनोबांनी अध्ययन केले. त्याच गुरूंचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. ज्या धर्मग्रंथांच्या आधारे अस्पृश्यता टिकविली गेली, तेच ग्रंथ उघडून तर्कतीर्थांनी १९३२ च्या सुमारास, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना, त्यांच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यास शास्त्राधार पुरविला. परंपरेला सरसकट आंधळी म्हणणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

आणि तरीही १९४८! एका मारेकऱ्याने गांधीजींचा वध केला. केवळ त्याच्या जातीची म्हणून तत्कालीन सातारा जिल्ह्यात कित्येक निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळण्यात आली. अहिंसेच्या उपासकाचा शोक, तो असा! दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली.

एकाचा अपराध सर्वांच्या माथी मारण्याची ही वृत्ती राष्ट्राराष्ट्रांतील वैरातही आढळते. तिचा उगम मात्र लहान असतो. वर्गात दौत सांडते आणि कोणी म्हणतो, “त्या आळीची मुले अशीच!” अशा वेळी गुरुजींनी व्याख्यान देऊ नये. “दौत कोणी सांडली?” एवढेच विचारावे. मुले एकाच मुलाकडे बोट दाखवितात. आळी आपोआप सुटते.