वाघिणीचा अकरावा आकडा



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हा तिला चौदा डबे होते. चौदा डबे माणसाला नजरेनेही ओळखता येतात. आज भारतीय रेल्वेपाशी नुसत्या मालवाहू वाघिणीच तीन लाखांहून अधिक आहेत. घरातली भांडी निदान रात्री तरी घरी असतात; वाघीण मात्र आज ओडिशात कोळसा भरते, उद्या एखाद्या वीजकेंद्राशी रिती होते आणि तिथून तिसऱ्याच मुलुखात निघून जाते. जी मालमत्ता मालकाच्या दारी क्वचितच उभी असते, तिचा सांभाळ करायचा कसा?

त्यातून ही एकच वस्तू प्रत्येक खात्याला निराळी दिसते. वाहतूक खात्याच्या लेखी वाघीण म्हणजे माल भरण्याची जागा; यांत्रिकी खात्याच्या लेखी चाके, स्प्रिंगा आणि ब्रेक; भांडार खात्याला ती सुट्या भागांच्या मागणीवरून ठाऊक असते, तर लेखा खात्याला किंमत आणि घसारा यांवरून. प्रत्येकाची वही स्वतंत्र. वह्यांच्या जागी संगणक आले म्हणजे हा भेद आपोआप मिटतो, असा एक भाबडा समज आहे. चार वह्यांचे चार संगणक झाले, तर भांडण तेच राहते. फक्त ते अधिक सुवाच्य होते!

एकीकरणाची खरी सुरुवात यंत्रापासून होत नाही, नावापासून होते. वाघिणीच्या अंगावर अकरा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे तिची जात सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे साल. नंतरचे चार तिचे स्वतःचे. आणि अकरावा? तो केवळ पहारेकरी आहे. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा हे आकडे मिळवून त्यांची तिप्पट करा; तीत पहिला, तिसरा, पाचवा, सातवा व नववा मिळवा. ही बेरीज पुढच्या पूर्ण दशकापर्यंत न्यायला जितके कमी पडतील, तो अकरावा आकडा. बेरीज मुळातच पूर्ण दशक असेल, तर शून्य. पावसात, कंदिलाच्या उजेडात क्रमांक टिपताना एक आकडा जरी चुकला, तरी हिशेब जुळत नाही आणि चूक जागच्या जागी सापडते. फाटकात अडकून पडाल तेव्हा समोरच्या मालगाडीवर हा खेळ अवश्य करून पाहा.

क्रमांक एक झाला की काय साधते, याचे एक उदाहरण देतो. मालगाडी तपासून झाल्यावर तिला ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे ब्रेक सुस्थितीत असल्याचा दाखला दिला जातो. ठरावीक डेपोशी बांधलेल्या काही गाड्यांना हा दाखला ७५०० किलोमीटर किंवा ३५ दिवस चालावा, असा नियम पुष्कळ वर्षे होता. मात्र धावलेले किलोमीटर दाखल्यावर नीट नोंदलेले नसतील, तर त्याची मुदत वीस दिवसांवर येई. हे किलोमीटर चालकाने हाताने लिहायचे. एक नोंद राहिली, तर धडधाकट गाडी पंधरा दिवस आधी तपासणीला उभी; आणि नोंद खोटी पडली, तर थकलेले ब्रेक घेऊन गाडी घाट उतरणार. वास्तविक ती गाडी कुठून कुठे गेली, हे वाहतूक खात्याला ठाऊकच असते. दोन खात्यांतली ती भिंत पाडली, की चालकाच्या पेन्सिलीवर सगळा भार टाकण्याचे कारण उरत नाही.

रेल्वेने १९८६ साली ‘क्रिस’ ही संगणक-प्रणालींची स्वतंत्र संस्था स्थापन केली, आणि मालवाहतुकीची माहिती-प्रणाली तिथेच वाढली. देखभालीच्या आणि भांडाराच्या प्रणाली तिला पुढे जोडीदार मिळाल्या. अलीकडे वाघिणींना रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या पट्ट्याही लावल्या जात आहेत. गाडी जवळून गेली की रुळांकाठचे यंत्र क्रमांक वाचते. वाघीण कोणती आणि ती कुठे आहे, हे पट्टी सांगेल. ती कशी आहे, हे मात्र पट्टीला कळत नाही.

त्यासाठी गाडी-परीक्षक आहे. यार्डात त्याला टीएक्सआर म्हणतात. एका यार्डात असे एक वयस्क परीक्षक मला भेटले. समोर संगणक असताना ते खिशातल्या डायरीत काही लिहीत होते. मी कुतूहलाने विचारले, तेव्हा म्हणाले, “साहेब, ह्या वाघिणीचा दरवाजा दर पावसाळ्यात अडकतो. दुरुस्त केला की ‘दुरुस्त’ असं तिथं लिहायचं, ते लिहिलं. पण पुन्हा अडकणार, हे लिहायला तिथं रकाना नाही.” प्रणाली आखणाऱ्यांनी त्यांना कधी काही विचारले होते काय, असे मी म्हटले. ते नुसते हसले.

तीस-पस्तीस वर्षांचे हे ज्ञान त्या डायरीत होते, आणि त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. डायरीचे पुढे काय करणार, हेही मी विचारले. “नातवाला मागची कोरी पानं हवी आहेत,” ते म्हणाले, आणि बॅटरी घेऊन पुढच्या गाडीकडे चालू लागले.